कालवफोड्याची नोंद

"सिंधू, ही आजची नोंद कुणाची?"

हिरेमठ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नोंदवही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली. शनिवारची संध्याकाळ होती, उद्यान बंद व्हायला अर्धा तास उरला होता आणि मी तिकिटांची खिडकी पुसायचं नाटक करत होते.

"माझी, सर."

"तू पाहिलास हा पक्षी?"

"हो, सर. दुपारी. पावणेएकला."

सरांनी मोठ्यानं वाचलं. होते चित्रकलेचे मास्तर, पण वाचताना त्यांचा आवाज व्याकरण शिकवणाऱ्याचा व्हायचा. "कालवफोड्या. संख्या एक. पूर्वेची वाळू, काठापासून आत, पाण्यात उभा. पाठ काळी, पोट पांढरे, चोच लांब व तांबडी, पाय गुलाबी." ते थांबले. मग परत एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. "दुर्बीण होती?"

"होती. ऑफिसातली."

"आणि दुजोरा?"

"मी एकटीच होते, सर. बिरामामा जेवायला गेले होते."

"हं." त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर क्षणभर हात ठेवला. "मग उद्या मनोऱ्यावर जात नाही. साडेसहाला पूर्वेच्या झोपडीत बसतो. दहाला महांतेश जीप घेऊन यायचाय. तोवर बघू, दिसतोय का."

ते गेले आणि मी स्टुलावर मटकन बसले. नोंदीतलं अक्षर माझं होतं, वेळ माझी होती, ऑफिसात दुर्बीणही खरोखरच होती. पक्षी तेवढा नव्हता.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील वनखात्यात रखवालदार होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी खात्यानं मला वडजाई तलावाच्या निसर्ग उद्यानात तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या कोरड्या मुलखात कुणा गोऱ्या साहेबानं दुष्काळी कामावर बांधून घेतलेला हा तलाव. थंडीत त्याच्यावर परदेशी बदकांची अशी दाटी होते की पाणी दिसू नये. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळी बदकं मला सारखीच, आणि सगळे बगळे म्हणजे बगळे. जे काही शिकले ते सरांकडून. एक पक्षी दाखवायचे, नाव सांगायचे आणि पुढच्या रविवारी परीक्षा घ्यायचे. चुकलं की म्हणायचे, "सरकार तुला पगार कशाचा देतं, तिकिटं फाडायचा?" वास्तविक तिकिटं फाडायचाच देत होतं.

दर रविवारी पहाटे दोन माणसं तलावावर यायची. हिरेमठ सर चालत यायचे आणि पश्चिमेच्या मनोऱ्यावर चढायचे. काझीसाहेब लुनावरून यायचे आणि पूर्वेकडच्या बांधावर जाऊन बसायचे. काझीसाहेब म्हणजे गुरांचे डॉक्टर, तेही निवृत्त झालेले. तालुक्यातल्या अर्ध्या म्हशी त्यांच्या हातावर जन्मलेल्या. दोघंही सत्तरीला टेकलेले, दोघांच्याही गळ्यात दुर्बीण, आणि दोघंही मोजणी झाली की माझ्या खोलीत येऊन नोंदवही लिहायचे. एक गेल्याशिवाय दुसरा यायचा नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, योगायोग असेल. मग एका रविवारी सर लिहीत बसले होते आणि बाहेर काझीसाहेब कडुलिंबाखाली पंधरा मिनिटं लुनाचा आरसा पुसत उभे राहिलेले मी पाहिले. एवढा आरसा पुसून माणसानं त्यात बघायचं तरी काय?

मी गेटवरच्या बिरामामांना विचारलं. मामा म्हणजे उद्यानाचं चालतंबोलतं दप्तर.

"अगं, जिवाभावाचे दोस्त हुते दोघं," मामा म्हणाले. "ही वही कुणाची? त्यांचीच. उद्यानबिद्यान मागनं आलं. त्येच्या आधीपास्नं दोघं मिळून मोजायचे, भोयाच्या नावंत बसून. वहीत कायदा केला हुता सरांनी. नवाकोरा पक्षी दिसला तर दोघांनी बघायचा, दोघांनी सही करायची. एकट्याचं चालायचं न्हाई."

"मग?"

"मग काय! लई वर्सं झाली. सर वराडले, त्यो बघ, कालवफोड्या! आता त्यो हाय दर्याचा पक्षी. कोकणात कालवं फोडून खातो म्हनं. हितं काय करायला यील? डाक्टर खाली वाकून थर्मासचं झाकण उघडत हुते. वर बघस्तवर पक्षी पसार. सर म्हनले, सही कर. डाक्टर म्हनले, म्या बघितला न्हाई तर सही कशी करू? झालं! तवापास्नं तोंडाला कुलूप."

मी वही मागं उलटत गेले. सापडली नोंद. शाईचा रंग उडालेला, पण अक्षर सरांचंच. कालवफोड्या, संख्या एक. पहिली सही, रे. शि. हिरेमठ. पुढचा दुजोऱ्याचा रकाना कोरा. सरांनी नोंद खोडली नव्हती आणि काझीसाहेबांनी सही केली नव्हती.

बोलत नव्हते, पण गंमत म्हणजे वहीतून बोलत होते. सर लिहायचे, "थापट्या बदके १४०." त्याखाली काझीसाहेब, "थापट्या १३८. उरलेली दोन तलवार बदके होती." पुढच्या रविवारी सरांचा शेरा, "गेल्या खेपेची दोन तलवार बदके मान्य." त्याखाली बारीक अक्षरात, "आभार." मी हे वाचून एकटीच हसायची. मोठी माणसं, पोरकट भांडण. आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणून मी जवळजवळ दोन वर्षं हसत राहिले.

मग आदल्या वर्षीच्या श्रावणात सरांच्या पत्नी गेल्या, गिरिजाकाकू. सर चार रविवार आले नाहीत. त्या पहिल्या रविवारी काझीसाहेब आले, बांधावर बसले आणि मग, मी दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं, ते तलावाला वळसा घालून मनोऱ्यावर चढले. दहा वाजता येऊन त्यांनी वहीत लिहिलं, "मनोऱ्याच्या बाजूचे पक्षी मोजले. श्री. हिरेमठ यांच्या नावे." असं चारही रविवार. सर परत आले तेव्हा मी ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, मग म्हणाले, "मोजणी बरी केलीय."

मी म्हटलं, "सर, एकदा बोला ना त्यांच्याशी."

"तो माझ्या घरी आला नाही, सिंधू. गावातली गुरं राखणारीसुद्धा येऊन गेली. हा आला नाही."

मी वही मिटली. त्या दिवसापासून मात्र माझं हसू गेलं.

जानेवारीत कळलं की सर पुण्याला जाणार, कायमचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते, घरात एकटेच असायचे, एकदा दूध गॅसवर ठेवून झोपी गेले. त्यांचा पुण्यातला मुलगा महांतेश म्हणाला, "अप्पा, इथं तुमचं कोण आहे?" बरोबरच होतं त्याचं. सर मला हे सांगत होते तेव्हा त्यांनी बांधाकडे बघितलं. बांधावर एक ठिपका बसलेला होता. "खरंच आहे ते," सर म्हणाले. "इथं कोण आहे?"

काझीसाहेबांना मीच सांगितलं. म्हटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुण्याची हवा चांगली आहे म्हणतात," म्हणाले आणि लुनाला किक मारली. त्यांचा असा राग आला मला! एक अकरा वर्षं कोऱ्या रकान्याकडे बघत बसला होता आणि दुसरा पुण्याच्या हवेचं कौतुक करत होता. तेव्हाच मनात आलं की या दोघांना एका बाकावर बसवेल असा जगात एकच पक्षी आहे.

शनिवारी दुपारी ऑफिसातलं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं, चित्र बघून वर्णन उतरवलं, आणि आयुष्यातलं पहिलं सरकारी खोटं लिहिलं.

रविवारी पहाटे साडेपाचला मी खोलीत हजर होते. थंडी मी म्हणत होती. पावणेसहाला लुनाचा आवाज आला. काझीसाहेब नेहमी आधी वही वाचायचे, मग बांधावर जायचे. त्यांनी मफलर सैल केला, कंदिलाच्या उजेडात वही ओढली. बोट ओळीवरून सावकाश फिरलं. शेवटाला जाऊन परत मागं आलं.

"सिंधूबाई, हे तुम्ही पाहिलंत?"

"हो, साहेब."

"नीट?"

"नीट पाहिलं. अगदी पुस्तकातल्यासारखा होता."

"हां, तसाच दिसतोय," काझीसाहेब म्हणाले. "कुठून बघितलेलं चांगलं?"

"पूर्वेच्या झोपडीतून. मी दाखवते ना चला."

झोपडी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची एक खोली, पाण्याच्या बाजूला बघायला आडवी फट आणि आत एकच बाक. आम्ही पोचलो तेव्हा सर आधीच बाकावर बसलेले होते, घोंगडी पांघरून. काझीसाहेब दारातच थबकले. सरांनी मान वळवली. मला वाटलं, आता दोघंही माझ्याकडे बघणार आणि मी भस्म होणार. पण दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

"सिंधू," सर फटीतून बाहेर बघत म्हणाले, "कुणाला बसायचं असेल तर जागा आहे म्हणावं."

"सिंधूबाई, त्यांना सांगा, उभं राहून दिसतं मला."

"सिंधू, उभं राहिलेल्या माणसाची सावली पाण्यावर पडते, पक्षी उडतात, हे बारा वर्षांच्या पोरालाही कळतं म्हणावं."

"अजून सूर्य उगवायचा आहे, सावली कुठून पडेल, विचारा त्यांना."

मी बापडी दोन्हीकडे मान वळवत राहिले. शेवटी काझीसाहेब बसले. बाकाच्या पार त्या टोकाला. मध्ये माझी जागा.

उजाडायला लागलं. पाण्यावरचं धुकं आधी पांढरं झालं, मग विरत गेलं आणि बदकं दिसायला लागली. चक्रवाकाची एक जोडी आवाज देत आमच्या डोक्यावरून गेली. मी वाळूकडे बघून बघून डोळे फोडत होते, जणू खोटं लिहिलं म्हणजे देवाला तिथं पक्षी ठेवणं भाग होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. कुणी जरा खाकरलं तरी मी दचकायची.

पण त्या दोघांचं वाळूकडे फारसं लक्षच नव्हतं.

"थापट्या बत्तीस," सर पुटपुटले.

"सिंधूबाई, चौतीस. दोन लव्हाळ्यामागं आहेत."

"सिंधू, लव्हाळ्यामागं टिबुकल्या असतात म्हणावं."

"टिबुकलीची चोच फावड्यासारखी असते का, विचारा."

सरांनी दुर्बीण लावली, काढली, काच घोंगडीला पुसली, परत लावली. त्यांना दिसत नव्हतं. मला ते कळलं, आणि त्याच क्षणी काझीसाहेबांनाही कळलं असावं. कारण पुढचं वाक्य त्यांनी माझ्या नावानं सुरू केलं नाही.

"डाव्या बाजूला लव्हाळं आहे ना, त्याच्या बुडाशी," ते हळू आवाजात म्हणाले. "एक नर, एक मादी. नर पाणी चाळतोय. आता त्यानं मान वर केली."

सरांनी दुर्बीण त्या दिशेला धरून ठेवली. "हां," म्हणाले. "चौतीस."

मग काझीसाहेब सांगत गेले आणि सर मान हलवत गेले. तलवार बदकं एकोणीस. शेकाटे सात. राखी बगळा एक, मान आखडून बसलेला. चित्रबलाक तीन. वाळूवर धोबी, शेपूट हलवतोय. मध्येच सर म्हणायचे, "आवाज ऐक, टिटवी," आणि काझीसाहेबांना जे दिसलं नव्हतं ते सरांच्या कानांनी धरलेलं असायचं. माझ्या डोक्यावरून दोघांची मोजणी चालली होती. मी हळूच मागं सरकले आणि बाकावरून उठून कोपऱ्यात उकिडवी बसले. मधली जागा मोकळी झाली तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

साडेआठ वाजले. नऊ. मोजणी संपली. तासाभरात जीप येणार होती. मला राहवेना. वाटलं, पक्षी दिसला नाही म्हणून आता दोघं उठतील, एक मनोऱ्याकडे, एक बांधाकडे, आणि सगळं मुसळ केरात जाईल. इतक्यात वाळूवर एक काळापांढरा पक्षी उतरला, लांब लाल पायांचा.

"तो बघा!" मी ओरडले. "सर, साहेब, तो बघा, कालवफोड्या!"

दोघांनी दुर्बिणी लावल्या. दोघांनी खाली घेतल्या.

"शेकाट्या," सर म्हणाले.

"शेकाट्या," काझीसाहेब म्हणाले, त्याच क्षणी.

मग काझीसाहेब माझ्याकडे वळले. रागानं नाही, गाभण म्हशीकडे बघावं तसं, काळजीनं. "सिंधूबाई, कालचा तुमचा पक्षी काठापासून आत, पाण्यात उभा होता ना?"

"हो."

"मग पाय गुलाबी होते हे तुम्हाला दिसलं कसं?"

पुस्तकातला पक्षी कोरड्या खडकावर उभा होता, त्याचे पाय स्पष्ट दिसत होते. मी त्याला उचलून पाण्यात उभा केला आणि पाय लिहायचे विसरले नाही. दुजोरा, वेळ, दुर्बीण, सगळ्याचा विचार केला होता. पाण्याचाच केला नव्हता.

"मी खोटं लिहिलं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. "सर, तुम्ही आज जाणार. मला वाटलं, निदान एकदा तरी..."

"डोळे पूस," सर म्हणाले. "आणि गेल्यावर ती नोंद खोड. शेऱ्यात लिही, निरीक्षक नवशिका." त्यांच्या मिशा हलल्या. "मला कालच कळलं होतं. वाचलं तेव्हाच."

"मला आज पहाटे," काझीसाहेब म्हणाले.

आपण काय बोलून बसलो ते एकदमच दोघांच्या ध्यानात आलं. बाहेर चित्रबलाक चोची वाजवत होते.

सरांनी तोंड वळवलं आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं.

"पक्षी नाही हे माहीत होतं, तर आलास कशाला?"

"तू कशाला आलास?"

सरांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"मी पाहिला होता रे तो पक्षी," सर म्हणाले.

"पाहिलाच असशील."

"मग सही का नाही केलीस?"

"मी पाहिला नव्हता म्हणून. नियम तुझाच, हिरेमठ. दोघांनी बघायचा. पण तू पाहिला नाहीस, असं मी कधी म्हटलं? तू म्हणतोस म्हणजे पाहिला असशील, हे मी तेव्हाच म्हणणार होतो."

"मग म्हणाला का नाहीस?"

"तू ऐकायला थांबलास कुठं? नाव काठाला लागायच्या आत उडी मारलीस. गुडघाभर चिखलात. एक चप्पल तिथंच राहिली तुझी."

सर हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते घोंगडीनं पुसलं. "गिरिजा गेली तेव्हाही तू आला नाहीस," ते म्हणाले. हे हसून बोलण्यासारखं नव्हतं, आणि ते हसून बोललेही नाहीत.

"आलो होतो. पिंपळाच्या कोपऱ्यापर्यंत. तुझ्या दारात माणसं होती. वाटलं, हा चार माणसांत मला परत घालवेल."

"नसतं घालवलं."

"हे आता सांगतोस?" काझीसाहेब म्हणाले. "वहिनींच्या हातची शेंगाचटणी बारा-पंधरा वर्षं खाल्ली मी. मला काय यायचं नव्हतं?"

मी तट्ट्याकडे तोंड करून बसले. ते ऐकायचा मला हक्क नव्हता, पण उठून जाण्याइतकी शुद्धही नव्हती. पुढचा अर्धा तास ते काय काय बोलले ते मला आज सगळं आठवत नाही. कुणाच्या मुलीचं लग्न झालं, कुणाचा मुलगा दुबईला गेला, भोई कधी वारला. अकरा वर्षांचं साठलेलं, आणि सांगताना दोघांनाही घाई झालेली. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू व्हायचं.

दहाला गेटवरून हॉर्न वाजला.

सरांची पिशवी काझीसाहेबांनी घेतली. सरांनी एका हातानं त्यांचा खांदा धरला, कारण पायवाटेला खडे होते. बिरामामांनी दोघांना तसं येताना पाहिलं आणि तोंडातली तंबाखू थुंकायचीच विसरले. महांतेश जीपजवळ उभा होता. मागं ट्रंका, गादीची वळकटी, भिंतीवरचं घड्याळ.

"महांतेश, दोन दिवस थांब बेटा," काझीसाहेब म्हणाले. "नाहीतर असं कर, ह्याला राहू दे इथंच. माझं घर रिकामं आहे. माझी सून बघेल, मी आहेच."

"काका, आजपासून आमचं घर भाड्यानं दिलंय. माणसं सामान घेऊन आलीसुद्धा," महांतेश म्हणाला. चांगला मुलगा होता तो, त्याला खरंच वाईट वाटल्याचं आवाजातून कळत होतं. "बुधवारी डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणाला असता तर... अप्पाच म्हणाले, इथं कोणी नाही."

सरांनी मान खाली घातली. "असू दे रे, काझी," ते म्हणाले. "डोळे झाले की येतो. दिवाळीला नक्की."

ते मागच्या सीटवर, घड्याळाच्या शेजारी बसले. काझीसाहेबांनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, मफलर काढून त्यांच्या गळ्यात गुंडाळला आणि जीपचं दार लावलं. जीप वळली, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

सर परत आले नाहीत. दिवाळीपर्यंत चार पत्रं आली. मोठमोठ्या अक्षरातली. त्यात पुण्याच्या मुठेकाठचे पक्षी, संख्येसह. पाचवं पत्र महांतेशचं होतं. ते काझीसाहेबांनी माझ्या खोलीत बसून वाचलं आणि खिशात ठेवलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी गेटवर उभी असताना मला मनातून, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानच वाटत होता. अकरा वर्षांत गावाला जमलं नाही ते मी एका ओळीत केलं होतं. काझीसाहेब काहीतरी बोलतील, पाठीवर हात ठेवतील, असं वाटून मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते जीप गेली त्या रस्त्याकडे बघत होते.

"सिंधूबाई," ते म्हणाले, "तुम्हाला इथं येऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं झाली, साहेब. वर तीन महिने."

"म्हणजे वहिनी होत्या तेव्हापासून." त्यांनी मान हलवली. "मग हे खोटं तेव्हाच का नाही लिहिलंत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी खोलीत गेले, वही उघडली, माझी नोंद खोडली आणि शेऱ्यात लिहिलं, "निरीक्षक नवशिका."